तीनशे मीटरची लाट आणि कपड्यांची तार

ताईंचा रेडिओ खरखरायला लागला तेव्हा सर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "गच्चीवर एक तार लावली की झालं."

सरांच्या संसारातली झाडून सगळी संकटं 'की झालं' या दोन शब्दांनी सुरू झालेली होती. "एक खिळा ठोकला की झालं," असं म्हणून त्यांनी ठोकलेला खिळा शेजाऱ्यांच्या कपाटात निघाला होता. "वॉशर बदलला की झालं," असं म्हणाले त्या दिवशी अख्ख्या इमारतीनं बादल्या घेऊन खालच्या टाकीपाशी रांग लावली होती. त्यामुळे स्वयंपाकघरातून काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, फक्त एवढंच विचारलं, "आधी कुणाकुणाची माफी मागून ठेवू?"

सर दुखावले. आयुष्यभर त्यांनी हायस्कुलात विज्ञान शिकवलं होतं. लहरींचा तक्ता तर ते डोळे मिटून फळ्यावर काढत. डावीकडे लांब लांब रेडिओलहरी, मग सूक्ष्मलहरी, मग उष्णतेच्या, मग तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा उजेडाचा चिमूटभर पट्टा, पुढे अतिनील, क्ष-किरण, गॅमा. डावीकडून उजवीकडे जावं तशी लाट आखूड होत जाते आणि एका सेकंदात जाणाऱ्या लाटांची संख्या वाढत जाते. दोन्हींचा गुणाकार मात्र कुठेही करा, उत्तर एकच, उजेडाचा वेग. हा तक्ता त्यांनी इतक्या पिढ्यांकडून घोकून घेतला होता, की आजही रस्त्यात एखादा टक्कल पडलेला विद्यार्थी भेटला तर नमस्काराआधी "सर, गॅमा सगळ्यात शेवटी," असं म्हणे. अशा माणसाला एक तार लावता येऊ नये? खरी गोष्ट अशी, की तक्ता काढण्यापलीकडे त्यांचा लहरींना कधी हात लागला नव्हता. पण ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती.

आणि या खेपेला प्रश्न नुसत्या खरखरीचा नव्हता. ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. गुडघे थकल्यावर इथे भावाकडे राहायला आल्या होत्या. त्यांचा उमेदीचा सारा काळ रेडिओच्या केंद्रावर निवेदिका म्हणून गेला होता. रोज सकाळी गावातल्या चुली पेटायच्या आत त्यांचा आवाज घराघरांत जायचा: "मध्यम लहर तीनशे मीटर, म्हणजेच एक हजार किलोहर्ट्झवर हे आमचं केंद्र आहे. सुप्रभात." लोक त्या आवाजावर घड्याळं लावत, दूध तापवत, पोरांना उठवत. ते केंद्र आता बंद होणार होतं. मध्यम लहर कुणी ऐकत नाही, असं वरून ठरलं होतं. शेवटच्या रविवारी, दिवेलागणीला, शेवटचं प्रसारण. तिथल्या तरुण निवेदिकेनं ताईंना फोन केला होता. "तुम्हाला यायला जमणार नाही म्हणालात. पण शेवटचं वाक्य मी तुमचंच म्हणणार आहे. मीटर आणि किलोहर्ट्झ दोन्ही. ऐकाल ना?"

ताई म्हणाल्या होत्या, "ऐकेन." आणि त्यांनी बोललेला शब्द कधी खाली पडू दिलेला नव्हता.

"मोबाइलवर ऐकवते की," काकू म्हणाल्या. "त्यांचं ॲप आहे. आवाज स्वच्छ येतो."

"येईल गं," ताई म्हणाल्या. "पण मोबाइलात तीनशे मीटर कुठे असतात? मी जन्मभर लोकांना मीटर सांगितले. ती लाट इथपर्यंत आली पाहिजे. फाटकी का येईना."

यावर सर ताठ बसले. कारण ती तीनशे मीटरची लाट ताईंना पहिल्यांदा दाखवली होती ती त्यांनीच.

ताईंना नोकरी लागली तेव्हा सर शाळेत शिकत होते. एका संध्याकाळी ताईंनी विचारलं होतं, "बाळ, मी रोज तीनशे मीटर म्हणते. म्हणजे नक्की किती रे?" बाळनं नुकतंच सूत्र पाठ केलेलं. त्यानं बहिणीचा हात धरला आणि घराच्या पायरीपासून चालायला लागला. पिठाची गिरणी गेली, इस्त्रीवाला गेला, शाळेचं फाटक गेलं, दवाखाना गेला, आणि पार सायकलच्या दुकानापाशी थांबून तो म्हणाला, "इथे तुझी एक लाट संपली." ताई वळून बघत राहिल्या. आपली सगळी गल्ली, गिरणीच्या भुरभुरीसकट, आपल्या एका लाटेत मावते! "आणि अशा किती जातात?" "एका सेकंदात दहा लाख." तेवढ्यात त्यांनी परतीची वाट धरली होती. थोरलीच्या एका ढांगेला धाकट्याची चार पावलं पडत होती, आणि ताईंनी चालता चालता तिथल्या तिथे ओवी जुळवली होती:

*थोरली टाके पाऊल एक, धाकटा टाकतो चार,*
*दोघं पोचती एका वेळी, उघड गं आई दार.*

पुढे वर्गात लांब लाट आणि आखूड लाट शिकवताना सर हीच ओवी म्हणत. ती कुणाची, हे त्यांनी वर्गाला कधी सांगितलं नाही. शिक्षकाला थोडं गूढ राखावं लागतं.

तर तार. सरांनी हिशेब मांडला. लाट तीनशे मीटरची, निदान तिच्या पाव हिश्शाएवढी तरी तार हवी. म्हणजे गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन, वळसा घालून, टाकीच्या मागे थोडी उरेल एवढी. सर अर्ज घेऊन सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे असे गृहस्थ, की ज्यांना नियमांची आठवण झोपेतही येई.

"गच्चीवर कुठलंही यंत्र, साधन, उपकरण लावायला बंदी आहे, सर."

"ही नुसती तार आहे."

"नुसत्या तारेला नियमात जागाच नाही. गच्चीवर फक्त कपडे वाळत घालता येतात."

सर बाहेर पडले, जिन्यात थांबले, आणि पुन्हा आत गेले. "मग कपडे वाळत घालायला तार हवी आहे."

सेक्रेटरींनी अर्जावरची लांबी वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. "घरात माणसं किती तुमच्या?"

"तीन."

"इतके कपडे?"

ज्या माणसानं चाळीस मुलांच्या वर्गाला नुसत्या भुवईनं गप्प केलं, त्याला आपल्या कपड्यांची संख्या अशी परक्यासमोर मोजून दाखवावी लागली. शेवटी समितीची बैठक बसली. तारेला मंजुरी मिळाली, पण एका अटीवर. तार सामाईक राहील आणि तिच्यावर कुणीही सभासद कपडे घालू शकेल. सरांना वाटलं, घालतील चार रुमाल, आपलं काय जातं.

मग मार्गदर्शक आले. त्यातले मुख्य मोजणीसाहेब. ते जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून जे दिसेल ते मोजत. त्यांनी टेप धरला, गच्ची मोजली, मग ती मंजूर नकाशापेक्षा लहान भरली म्हणून बिल्डरवर तासभर बोलले, आणि मग म्हणाले, "तार दक्षिणोत्तर हवी." तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "पूर्व-पश्चिम. माझ्या साडूंची तशीच होती." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "दिशा कुठलीही घ्या, पण उन्हात घ्या, चादरी वाळायला हव्यात." सरांनी प्रत्येकाचं थोडं थोडं ऐकलं. परिणामी तार दक्षिणेकडून निघाली, मध्येच पश्चिमेला वळली आणि उन्हात येऊन थांबली. खांबांना ती थेट बांधायची नाही, नाहीतर आलेली लाट खांबातून जमिनीत जाईल, एवढं सरांना पुस्तकातून ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक खांबाला त्यांनी आधी प्लॅस्टिकची रिकामी बाटली बांधली आणि तिच्या गळ्याला तार. गच्ची भंगारवाल्याच्या लग्नमंडपासारखी दिसू लागली. तारेचं एक टोक चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीतून आत घेऊन त्यांनी ताईंच्या रेडिओला जोडलं.

रेडिओ लावला. पूर्वी तो खरखरत होता. आता तो गरजू लागला.

"छान," काकू म्हणाल्या. "आता सगळ्या गावाची खरखर घरी येते."

सर म्हणाले, हे अपेक्षितच होतं. लांब तार सगळंच पकडते. इमारतीत कुठेतरी एखादं उपकरण गोंगाट करतंय, ते शोधून काढलं की झालं. असं म्हणून त्यांनी तार सोडवली, रेडिओत सेल घातले, तो छातीशी धरला आणि डॉक्टर नाडी बघत फिरतो तसे ते मजल्यामजल्यावर फिरायला निघाले.

इथे त्यांच्यातला शिक्षक आडवा आला. शोध घेऊन गप्प परत यायचं, तर ते प्रत्येक दारात तक्ता उलगडू लागले. वहिनींच्या ओट्यावर मायक्रोवेव्ह होता. सर म्हणाले, "ह्याची लाट विताहून लहान, चार बोटं ठेवा आणि वर आणखी दोन, एवढीच. पण सेकंदाला अडीचशे कोटींच्या घरात जातात." वहिनींनी 'कोटी' तेवढं ऐकलं. पलीकडच्या घरात टीव्हीच्या रिमोटचे अवरक्त किरण निघाले, पाण्याच्या फिल्टरमध्ये अतिनील दिवा निघाला. "साध्या उजेडाच्याच लाटा बघा, केसाच्या जाडीत शंभरावर मावतात. अतिनील त्याहून बारीक." आणि तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे क्ष-किरणांचं यंत्र. "ही लाट अणूएवढी," सर कौतुकानं म्हणाले. "ही तर हाडाशिवाय कुठे थांबतच नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या नेमक्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांनी आपली खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली. वहिनींनी मायक्रोवेव्हवर टेबलक्लॉथ टाकला, आणि त्यांचे यजमान गार जेवण जेवून कामावर गेले. कुणीतरी फिल्टरचा दिवा काढून पाणी उकळायला घेतलं. डॉक्टरांच्या दोन पेशंटांनी दात हलत असूनही दुखत नाही म्हणून कळवलं.

डॉक्टर स्वतः चौथ्या मजल्यावर चढून आले. "सर, मी तुमची दाढ किती हळुवार काढली होती," ते म्हणाले. "तिचे हे पांग फेडलेत?"

सेक्रेटरींनी सरांना गच्चीवर सर्वांसमोर खुलासा करायला लावला. सर उभे राहिले. छातीशी रेडिओ होता, पण फळा नव्हता, खडू नव्हता. समोर तार होती, आणि तारेवर सभासदांचे चार रुमाल नव्हे, तर साऱ्या इमारतीची धुणी होती. सर बघत राहिले आणि एकदम त्यांचा आवाज बदलला.

"ही चादर बघा," ते म्हणाले. "तारेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त चादरी घातल्या, तर किती मावतील? मोजक्याच. ही झाली रेडिओची लाट. लांब, पण संख्येनं थोडी. तिथेच टॉवेल घाला, जास्त मावतील. ती मायक्रोवेव्हची. रुमाल घाला, आणखी. आणि पलीकडे ते कुणाच्या तान्ह्या बाळाचे मोजे आहेत, नुसते मोजेच घातले तर मोजता मोजता दमाल. तो उजेड, त्याच्यापुढे क्ष-किरण. कपडा आखूड, तर नग जास्त. कपडा लांब, तर नग कमी. तार मात्र तेवढीच. ती कुणासाठी लांबत नाही की आखडत नाही. आणि प्रत्येक लाट आपापल्या यंत्रात, आपापल्या पेटीत बंद आहे. डॉक्टरांचं यंत्र बटण दाबल्यावर डोळा मिटायच्या आत बंद होतं. दात दाखवून या."

सभासदांना पटलं. फक्त वहिनींनी विचारलं, "मग सर, तुमच्या रेडिओत गोंगाट कोण करतंय?"

सर खाली मान घालून जिना उतरले. आपल्या घरात शिरले, तसा छातीशी धरलेला रेडिओ इतका कर्कश ओरडला, की स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. त्यांनी शांतपणे सरांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा बंद केला. स्वस्तातला, पांढराशुभ्र, नवा एलईडी दिवा. ह्याच दिव्याखाली बसून सरांनी समितीला अर्ज लिहिला होता.

रेडिओ गप्प झाला.

"सगळ्या मजल्यांवर गेलात," काकू म्हणाल्या. "चौथ्यावर तेवढं यायचं राहिलं होतं."

सरांनी त्या दिवशी चहाही मागितला नाही. आपण होऊन आला तेव्हा प्यायले.

रविवार उजाडला. दिवा बंद, तरी घरात रेडिओवर लिफ्टची घरघर आणि कुणाकुणाच्या चार्जरांची कुरकुर होतीच. दिवेलागणीच्या सुमारास ताई म्हणाल्या, "बाळ, मला गच्चीवरच ने. तारेच्या जवळ." लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच. वरचा जिना तेवढा चढायचा. एका बाजूनं डॉक्टर, एका बाजूनं सेक्रेटरी, अशी ताईंची खुर्ची वर गेली. मोजणीसाहेब पुढे चालून पायऱ्यांची उंची सांगत होते. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, माझी आई तुमचा आवाज ऐकून कुकर लावायची. तुम्ही कधी सुट्टी घेतली की आमचा भात कच्चा राहायचा."

ताईंनी सेल घातलेला रेडिओ मांडीवर घेतला. सरांनी तार जोडली. सुई हजारावर आणली.

काही नाही. खरखरही नाही. नुसता दूरचा भास, जणू कुणी विहिरीच्या तळाशी बोलतंय.

सरांनी सुई हलवली, जोड घट्ट केला, रेडिओ फिरवला. डॉक्टरांनी पूर्व-पश्चिमची आठवण करून दिली. मोजणीसाहेबांनी खात्री दिली, की त्यांनी सांगितलं तेव्हाच तार दक्षिणोत्तर घेतली असती तर. केंद्रावर शेवटचं गाणं चालू असणार. ते संपलं की ते वाक्य. ताईंनी फक्त रेडिओ कानाशी नेला आणि डोळे मिटले, आणि त्या मिटल्या डोळ्यांनी सरांना इतकं लहान करून टाकलं, की त्यांना आपण परत सायकलच्या दुकानापाशी उभे आहोत असं वाटलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "तार बघा."

रविवार म्हणजे धुण्याचा दिवस. सामाईक तार सगळ्या घरांनी मनापासून वापरली होती. ओल्या चादरी, रजया, जाड टॉवेल. त्या ओझ्यानं तार मधोमध वाकली होती आणि पोट टेकून लोखंडी कठड्यावर आडवी पडली होती. तीनशे मीटरची लाट इतक्या लांबून येऊन कठड्यातून जमिनीत उतरत होती.

"काढा," सर म्हणाले. "कपडे काढा सगळे."

"ओले आहेत अजून," कुणीतरी म्हणालं.

"ओलेच काढा गं," वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचून पुढे झाल्या.

मग जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती. आधी चादरी निघाल्या. तार कठड्यावरून उठली, आणि रेडिओत एक सूर उमटला. रजया निघाल्या. सुराला शब्द आले. सेक्रेटरी आयुष्यात पहिल्यांदा परवानगी न घेता दुसऱ्याचे टॉवेल खांद्यावर टाकत होते. डॉक्टरांच्या दोन्ही हातांत रुमाल. तार हळूहळू वर येत गेली, आणि आवाज तिच्याबरोबर वर येत गेला. शेवटी तान्ह्या बाळाचे मोजे राहिले. ते काकूंनी एकेक करून काढले. मोज्यांचं वजन ते काय, त्यांनी तारेला काही फरक पडत नव्हता. पण कुणी त्यांना थांबवलं नाही.

गाणं संपलं. केंद्रावरच्या त्या तरुण मुलीचा आवाज आला, कोवळा. "मध्यम लहर तीनशे मीटर, म्हणजेच एक हजार किलोहर्ट्झवर..." ताईंचे ओठ हलत होते. आवाज मुलीचा, ओठ ताईंचे, आणि दोन्ही अक्षराअक्षराला जुळत होते. "...हे आमचं केंद्र आता आपली रजा घेत आहे. शुभरात्र."

शांत झालं.

सरांनी बटणाकडे हात नेला. ताईंनी बोट वर केलं. "थांब. अजून आहे."

"आवाज संपला, ताई."

"आवाज संपला. लाट आहे. ऐक."

सगळे ओले कपडे अंगाशी धरून उभे होते. रेडिओतून काहीच येत नव्हतं, पण त्या काहीच नसण्याला एक पोत होता. भरलेल्या घरात सगळे जेवून आडवे झाले की असते तशी शांतता. बोलणारं कुणी नाही, पण दिवा कुणीतरी जागता ठेवला आहे. गल्ली अजून होती. गिरणी होती, इस्त्रीवाला होता, दवाखाना, सायकलचं दुकान, सगळं त्या एका लांब मुक्या लाटेत अजून येत होतं.

मग टक् झालं, आणि पोकळ खरखर सुरू झाली.

"आता बंद कर," ताई म्हणाल्या.

मग वहिनींनी हलकेच विचारलं, "सर, चादरी परत घालू का?" आणि सर म्हणाले, "घाला. त्यासाठीच तर मंजुरी आहे."

डॉक्टर आणि सेक्रेटरी खुर्ची उचलायला आले, पण ताईंनी मान हलवली. "उतरताना चालते मी. बाळ आहे."

जिन्यात दिवे लागले होते. सरांनी बहिणीचा हात धरला. एकेका पायरीवर ताई थांबत, एक पाय ठेवत, दुसरा जुळवून घेत, कठडा चाचपत, पुन्हा एक पाय. सरांचं एक पाऊल होईतो त्यांची चार होत. सर पाऊल उचलून तसेच थांबत, आणि त्या पोचल्या की टेकवत.

"पूर्वी तू धावायचास," ताई म्हणाल्या.

"तू हळू चालायची नाहीस."

"हळूच चालत होते रे," ताई म्हणाल्या. "तुझे पाय लहान होते."

खाली चौथ्या मजल्यावर, कुणी हाक मारायच्या आधीच, काकूंनी दार उघडून ठेवलेलं होतं.